ॲपलेट एका ब्राउझरमध्ये सरळ, दुसऱ्यात वाकडं: या चुका टाळा

आमच्या इंदूरच्या रामबागेत एक काका आहेत, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता रिटायर. २००३ च्या सुमारास त्यांनी स्वतः बसून जावा ॲपलेट, म्हणजे वेबपानात चालणारे छोटे जावा प्रोग्रॅम, लिहिलेली, झुलणारा लोलक (पेंड्युलम), भिंग असली. मागच्या महिन्यात सकाळी पोहे-जलेबीची पुडी घेऊन दारात हजर, म्हणे अरे नातीला लोलक दाखवायला बसलो तर पानावर काहीच येत नाही, तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा. जीरावन, म्हणजे इंदुरी मसाला, टाकून पोहे खाल्ले, म्हणजे आता नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

आता पहिली चूक माझीच. तासभर मी कोड वाचत बसलो, आणि ब्राउझर क्रोम! ॲपलेट चालवायला ब्राउझरला जावा प्लगइन लागतं, क्रोमने एप्रिल २०१५ ला ते बाय डीफॉल्ट बंद केलं आणि सप्टेंबरमध्ये पूर्ण काढूनच टाकलं, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. तिथे तुम्ही पानातला ॲपलेटचा टॅग कितीही बदला, काही होणार नाही. त्यामुळे आधी बघा की त्या ब्राउझरमध्ये कुठलंही ॲपलेट चालतं का, मगच कोडला हात लावा. काकांकडे नशिबाने जुना विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर आणि त्यात दोन-तीन जुने ब्राउझर होते, कपाटावरून काढला, धूळ झटकली.

तिथे एका ब्राउझरमध्ये करडा चौकोन, दुसऱ्यात लोलक येतोय पण खालची बटणं अर्धी कापलेली. करडा चौकोन दिसला की अंदाज बांधत बसू नका, जावा कन्सोल, म्हणजे जावाचे एरर छापणारी खिडकी, उघडा, नव्वद टक्के उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. आणि कोड बदलूनही जुनंच दिसत असेल तर पान रिफ्रेश करून भागत नाही, कारण प्लगइनची कॅशे (साठवून ठेवलेल्या प्रती) ब्राउझरपेक्षा वेगळी असते. कन्सोलमध्ये एक्स दाबला की लोड झालेले क्लास (प्रोग्रॅमचे तुकडे) विसरले जातात, आणि हे क्लास बांधून ठेवलेली जार फाइल तरीही जुनीच येत असेल तर जावा कंट्रोल पॅनलमधून टेम्पररी फाइल्स उडवा. फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉलपण बघा, विंडोजवर चालून जातं, लिनक्स सर्व्हरवर टाकलं की क्लास सापडत नाही म्हणून रडतं.

कापलेल्या बटणांचं कारण मात्र नेहमीचंच. लेआउट नल करून, म्हणजे जावाची आपोआप मांडणी बंद करून, सगळं पिक्सेल मोजून बसवलेलं. काकांच्या मशीनवर तेव्हा बरोबर बसलं असेल, पण सॅन्ससेरिफ हे खरं तर फॉन्टचं नावच नाही, टोपणनाव आहे, विंडोजवर त्याच्यामागे एरियल येतो आणि दुसऱ्या सिस्टिमवर दुसराच कोणीतरी, त्याची रुंदी वेगळी, मग शब्द कापला जाणारच. शिवाय एडब्ल्यूटीचं (जावाच्या जुन्या खिडकी-बटणांच्या लायब्ररीचं) बटण त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमचं असतं, मॅकवर गुबगुबीत, विंडोजवर चपटं. बॉर्डरलेआउट, फ्लोलेआउट हे मांडणी करणारे जावाचे तयार क्लास वापरा, आणि अक्षरं स्वतः काढत असाल तर फॉन्टमेट्रिक्स या क्लासला रुंदी विचारून मग काढा. ब्राउझरला शिव्या देण्यात आम्ही पूर्वी किती रात्री घालवल्यात, आणि दोष बहुतेक वेळा या पिक्सेल मोजण्याचाच निघायचा.

याचाच भाऊ म्हणजे इनिटमध्ये, म्हणजे ॲपलेट लोड झाल्यावर एकदाच बोलावल्या जाणाऱ्या मेथडमध्ये, साइज विचारणं. काही ब्राउझर तेव्हा शून्य सांगतात, आणि टॅगमध्ये रुंदी टक्क्यांत दिली असेल तर आकडा नंतर बदलतोही. चित्र आधी न दिसणाऱ्या मागच्या पडद्यावर काढून मग पुढे दाखवतात (डबल बफरिंग), त्याची इमेज तिथेच एकदा बनवून ठेवली की एकतर नल (रिकामी) येते नाहीतर खिडकी मोठी केल्यावर कडेला पांढरी पट्टी. पेंटच्या, म्हणजे चित्र काढणाऱ्या मेथडच्या, वेळी साइज बघा, बदलली असेल तर इमेज नव्याने बनवा. चित्र लुकलुकत असेल तर अपडेट मेथड ओव्हरराइड करा (तिच्या जागी आपली लिहा), मूळची ती आधी सगळं पुसते मग पेंटला बोलावते, लुकलुक तिथूनच. स्विंगमध्ये (जावाच्या नव्या खिडकी-बटणांच्या लायब्ररीत) हे डबल बफरिंग आपोआप होतं, फक्त पेंटकंपोनंट या तिथल्या चित्र काढणाऱ्या मेथडमध्ये सुपरला, म्हणजे मूळ मेथडला, बोलवायला विसरू नका, नाहीतर जुन्या लोलकाची भुतं मागे राहतात. आणि स्विंग व एडब्ल्यूटीची खिचडी नको, मेन्यू मागे लपतो. जावा ६ अपडेट १२ पासून हे सुधारलं, पण जुन्या मशीनवर भरवसा नाही.

सगळ्यात मजा पुढे आली. दुसऱ्या पानावर जाऊन परत आलो की लोलक दुप्पट वेगात. काकांनी घड्याळ लावलं, आवर्तनकाळ बरोब्बर अर्धा, म्हणजे जी (गुरुत्वीय त्वरण, एरवी ९.८) चौपट, म्हणाले इंदूरचं जी ३९ झालंय रे! झालं असं होतं की पान उघडल्यावर बोलावल्या जाणाऱ्या स्टार्टमध्ये नवीन थ्रेड (समांतर चालणारं काम) सुरू होत होता आणि पान सोडताना बोलावल्या जाणाऱ्या स्टॉपमध्ये जुना थांबवलेलाच नव्हता, दोघं मिळून एकच लोलक ढकलतायत. ज्या ब्राउझरने ॲपलेट पूर्ण नष्ट करून नव्याने सुरू केलं तिथे हे दिसलंच नाही, म्हणून इतकी वर्षं लपून राहिलं. स्टॉपमध्ये थ्रेडची व्हेरिएबल नल करा आणि लूपमध्ये ती तपासत राहा, बास.

पण नातीच्या लॅपटॉपवर काय? चीअरपीजे (CheerpJ) नावाची सोय ब्राउझरमध्येच जावा चालवते, ती करून बघता येईल. आम्ही मात्र ॲपलेट एका जेफ्रेममध्ये, म्हणजे स्विंगच्या साध्या खिडकीत, घातलं, इनिट आणि स्टार्ट स्वतः बोलावले, आणि लगेच नल पॉइंटर एरर. कारण कोडबेस (फाइली कुठून घ्यायच्या तो पत्ता), पॅरामीटर ही माहिती ब्राउझर पुरवायचा, तो आता मधे नाही. चित्रं गेटरिसोर्सने, म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या फाइलींतून, घेतली, पॅरामीटर कोडमध्येच लिहून टाकले, तेव्हा लोलक हलला. जावा ८ वर नव्या, बारीक पिक्सेलच्या स्क्रीनवर सगळं मुंगीएवढं दिसत होतं म्हणून जावा १७ टाकलं, तर आकार बरोबर आला पण ती मागच्या पडद्याची इमेज धूसर. ती अजून तशीच आहे, काका म्हणाले रविवारी परत येतो.