कान चांगला असतो त्याच दिवशी डॉक्टर भेटतात

माझा डावा कान सोमवारी जायचा आणि डॉक्टरांची वेळ मिळायची गुरुवारची. गुरुवारी कान ठणठणीत. डॉक्टर आत बघणार, ‘पडदा छान आहे’ म्हणणार, थेंब लिहून देणार. सात महिने हेच चाललं. मळ दोनदा काढून झाला (दुसऱ्यांदा तो नव्हताच), मानेचा एक्स-रे झाला, गळ्यात पट्टा आला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. ऐकू येणं कमी-जास्त होणाऱ्या माणसाचं निदान का लांबतं ते मला उशिरा कळलं. तपासणी होते ती त्या दिवशीच्या कानाची, आणि नेमका तो दिवस बरा असतो. म्हणून वाईट दिवस कसा पकडायचा, ते सांगते.

त्याआधी एक गोष्ट. एका कानाचं ऐकणं अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, गेलं तर वही-बिही काही करत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. नसेचं (म्हणजे आतल्या कानाचं किंवा कानाच्या नसेचं) ऐकणं असं एकाएकी गेलं तर स्टिरॉइड देतात, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. दोन आठवडे उलटले की संधी फार कमी होते. ‘सर्दीनं दडा बसला असेल’ म्हणत घरात बसण्यात लोक हेच दिवस घालवतात. सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, तर क्लिनिक नको, थेट मोठ्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग.

आता माझं. मी सांगलीत हार्मोनियमचे क्लास घेते. एका पावसाळ्यात पेटी बेसूर वाटायला लागली, म्हणून ती मिरजेला कारागिराकडे नेली. त्यांनी एकेक सूर तपासला आणि म्हणाले, ‘‘ताई, सूर जागच्या जागी आहेत.’’ घरी येऊन उजव्या कानात बोट घातलं, मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली. मग डाव्या कानात बोट घालून तीच पट्टी दाबली. दोन कानांत दोन वेगळे सूर! डाव्यात तो सूर चढा आणि फाटका लागत होता. याला डिप्लॅक्युसिस म्हणतात, आणि आतल्या कानाच्या आजारात तो होतो, हे पुढे कळलं. पण त्या दिवशी मला फुकटचं मोजमाप मिळालं. रोज सकाळी चहाच्या आधी तीच पट्टी, तोच भाता, आधी उजवा कान, मग डावा.

तुमच्याकडे पेटी नसेल तर फोनवरचा एकच ठरावीक आवाज घ्या. आवाजाची पातळी तीच, खोली तीच, फोन धरायचं अंतर तेच. फोनवरच्या श्रवणचाचण्यांनी निदान होत नाही, पण कालच्यापेक्षा आज कमी की जास्त एवढं त्या सांगतात. आणखी एक घरगुती युक्ती: तोंड मिटून ‘हं’ असा गुणगुणा. आवाज वाईट कानात मोठा वाटला तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात, म्हणजे मळ, पडद्यामागचं पाणी, कानातल्या बारीक हाडांच्या साखळीतला बिघाड. चांगल्या कानात मोठा वाटला तर संशय नसेवर. डॉक्टर कपाळावर चिमट्यासारखा घुमणारा ट्यूनिंग फोर्क टेकवतात तेही हेच बघायला. याच्या जोरावर स्वतः औषध मात्र ठरवू नका.

वहीत काय लिहायचं? तारीख, वेळ, कोणता कान. दडा बसला का. कानातला आवाज कसा: माझा लांबून ट्रक चालल्यासारखा घुमायचा, कुणाकुणाला शिट्टी ऐकू येते. पाणी किंवा पू आला का. घाण वासाचा स्राव असेल तर हाड कुरतडणारा आजार आत वाढत असू शकतो, तो लांबणीवर टाकू नये. डोकं दुखलं का, उजेड नकोसा झाला का. सर्दी, पाळी, जागरण. आणि चक्कर आली तर किती वेळ टिकली, ते घड्याळ बघून. हे मी जाड अक्षरात लिहायला सांगेन, कारण चक्करच्या वेळेवरून डॉक्टर बरंच ओळखतात. कुशीवर वळताना काही सेकंद खोली फिरली, तर बहुधा आतल्या कानातले खडे सरकलेले असतात. त्यावर डोकं ठरावीक रीतीनं फिरवून उपाय करतात आणि त्यात ऐकणं जात नाही. वीस मिनिटं ते बारा तास फिरणं आणि त्याच्या आगेमागे ऐकणं कमी, दडा, घुमणं, हे मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराचं चित्र. अर्धशिशीची चक्करही तासन् तास टिकते, म्हणून डोकेदुखीची नोंद हवी. ‘चक्कर’ या एका शब्दात आपण सगळंच घालतो. घर फिरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते की पाय लटपटतात, ते वेगवेगळं सांगा.

चालू औषधांची चिठ्ठीही वहीत डकवा. काही इंजेक्शनं (जेंटामायसिन, ॲमिकासिन), कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतलं ॲस्पिरिन कानाला बाधतात. आणि कोमट तेल, लसणाचं तेल, कुणी काही सांगो, कानात घालू नका. माझ्या सासूबाईंनी प्रेमानं घातलं होतं. पावसाळा होता. बुरशी झाली आणि तीन आठवडे फुकट गेले.

वाईट दिवस पकडायचा तो असा. डॉक्टरांच्या वेळेच्या मागे लागण्याऐवजी मी ऐकणं तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनाच विचारलं, ‘‘कान जाईल त्या दिवशी फोन करून आले तर तपासाल?’’ त्या म्हणाल्या, अकराच्या आत फोन करा. दोन ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख) चांगल्या दिवशीचे होतेच. तिसरा सापडला तो भर त्रासात, नवऱ्याबरोबर रिक्षानं जाऊन. (चक्कर येत असताना गाडी स्वतः चालवू नका.) बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. ‘आलाच असेल’ म्हणून दाबू नका. इथं कोणी मार्क देत नाही. डाव्या कानाला २५० आणि ५०० हर्ट्‌झला माझा आकडा ४५ डेसिबल आला, दहा दिवसांनी पुन्हा २०. साधारण २५ पर्यंत ठीक धरतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक २६१ हर्ट्‌झच्या आसपास असते. पेटीवर बिनसत होतं ते बरोबर तिथंच!

कागद वाचायला सोपा आहे. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. मेनिएरमध्ये सुरुवातीला खालचे सूर जातात, म्हणून रेघ डावीकडे खाली आणि उजवीकडे चढती. वयानं कमी ऐकू येणाऱ्यांची बहुधा उलट असते. ऑडिओग्रामबरोबर इम्पीडन्स, म्हणजे पडदा किती हलतो ते मोजणारी तपासणी, करून घ्या. पडद्यामागे पाणी असलं तर त्याची रेघ सपाट येते, आणि मग सगळा विचारच बदलतो.

एका कानाचं नसेचं ऐकणं कमी असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा एमआरआय सांगतात. नसेवर गाठ नाही ना, हे बघायला. गाठ क्वचितच निघते, पण हा एमआरआय टाळू नये. डाय (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणार असतील तर मूत्रपिंडाचा काही त्रास असल्यास आधी सांगा. चक्करची तपासणी असेल, डोळ्यांवर चष्मा लावून कानात गार-गरम पाणी किंवा हवा सोडतात ती, तर चक्करच्या गोळ्या किती आधी बंद करायच्या ते विचारून ठेवा. मी सकाळी गोळी खाऊन गेले होते. तपासणी पुढं ढकलली. दोन्ही कान आठवड्या-महिन्यांत झपाट्यानं उतरत असतील तर शरीराची प्रतिकारशक्तीच कानावर उलटलीय का हेही बघतात. तिथं घाई असते, कारण स्टिरॉइडनं फरक पडू शकतो.

मेनिएर ही एका रक्त तपासणीत कळणारी गोष्ट नाही. चक्करचे किमान दोन झटके, ऑडिओग्रामवर सापडलेली खालच्या सुरांची घट, त्याच कानात कमी-जास्त होणारी लक्षणं, आणि दुसरं कारण नाही याची खात्री, एवढं जुळल्यावरच ते नाव देतात. म्हणून डॉक्टरांना ‘मला काय झालंय?’ एवढंच न विचारता ‘काय नाही हे पक्कं झालं, आणि काय अजून उघडं आहे?’ असंही विचारा. माझ्या डॉक्टरांनी या प्रश्नावर पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा पाच मिनिटं बोलले. वही चाळली, सगळे ऑडिओग्राम शेजारी शेजारी मांडले, मग नाव सांगितलं. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे कमी करायला सांगितले. लोणच्यावर आमची अजून बोलणी चालू आहेत.

सगळे ऑडिओग्राम एकाच फाईलमध्ये, तारखेच्या क्रमानं ठेवा, चांगल्या दिवसांचेसुद्धा. चांगला आणि वाईट शेजारी ठेवल्याशिवाय कान कमी-जास्त होतोय हे कागदावर दिसत नाही. चौथ्या भेटीला डॉक्टरांनी सगळ्यात आधी मागितला तो पहिलाच, ज्याच्यावर ‘नॉर्मल’ लिहिलं होतं.