नवे स्पीकर घेण्याआधी: फ्लॅटमधल्या हॉलमध्ये या चुका टाळा

रत्नागिरीत नाचणे रोडला राहणाऱ्या ओळखीच्या एका काकांचा मे महिन्यात फोन आला. "अरे, स्पीकर विकायचेत. गाणाऱ्याचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो, आणि डग्गा वाजला की शोकेसच्या काचा थरथरतात. कोणी गिऱ्हाईक असेल तर बघ." ते स्पीकर घेताना मी त्यांच्याबरोबर दुकानात होतो. जोडी उत्तम होती. म्हटलं, "काका, विकण्याआधी मला एक संध्याकाळ द्या."

हॉल १० बाय १५ फुटांचा. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला. एक स्पीकर शोकेसच्या डोक्यावर, दुसरा कोपऱ्यात स्टुलावर, पडद्याच्या आड. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये मला बहुतेक वेळा हेच दिसतं. आधी फर्निचर लागतं, मग उरलेल्या जागेत स्पीकर बसवले जातात. पण स्पीकरला जागा ठरवून द्यावी लागते, कारण आपण जे ऐकतो त्यात खर्जाचा मोठा भाग खोलीच घडवते.

कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर

घुमण्याची तक्रार असेल तर आधी कोपरा बघा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची अर्धी लाट बरोबर मावली की तो सूर फुगतो. आपल्या ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, तेव्हा हॉलच्या रुंदीचा असा पहिला सूर ५७ हर्ट्झच्या (सेकंदाला ५७ कंपनांच्या) आसपास येतो. छत साडेनऊ फुटांवर असेल तर उंचीचा सूर येतो ६० हर्ट्झला. हे दोन जवळजवळ एकमेकांवर पडतात, आणि फ्लॅटच्या हॉलचं हेच मोठं दुखणं आहे: रुंदी आणि उंची सारखीच. बास गिटारची खालून दुसरी मोकळी तार ५५ हर्ट्झला वाजते. त्या पट्ट्यातलं जे काही येईल ते सुटून, सुजून येतं आणि शेजारचे सूर त्याखाली दबतात. कोपऱ्यातला स्पीकर खोलीचे असे सगळेच सूर सर्वांत जोरात उठवतो.

काकांचा स्पीकर आम्ही कोपऱ्यातून काढला आणि दोन्ही स्पीकर १० फुटी भिंतीकडे आणले: बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फूट, एकमेकांपासून सहा फूट. काचांची थरथर तिथेच थांबली.

मागच्या भिंतीचं अंतर

याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही, आणि मडक्यातल्या आवाजाचं एक कारण इथेच असतं. स्पीकरचा खर्ज फक्त पुढे जात नाही, तो मागेही पसरतो, भिंतीवरून परततो आणि पुढच्या लाटेला भेटतो. स्पीकरचा पुढचा चेहरा भिंतीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर १२५ हर्ट्झच्या आसपास ही परतणारी लाट नेमकी उलटी येते आणि तो सूर खाऊन टाकते. पुरुष गायकाच्या आवाजाचं अंग तिथेच असतं. ते गेलं की गळा पोकळ वाटतो. मग लोक अ‍ॅम्पवरचा (अ‍ॅम्प्लिफायरवरचा) बास वाढवतात. त्याने खड्डा भरत नाही, फक्त घुमणारे सूर आणखी घुमतात.

मोठ्या बंगल्यात स्पीकर भिंतीपासून चांगले चार फूट पुढे आणता येतात. आपल्या हॉलमध्ये तेवढी जागा देऊन चालायचं कुठून? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फ्लॅटमध्ये अर्धवट अंतर ठेवू नका, स्पीकर मागेच सरकवा. मागे भोक असलेल्या स्पीकरला वीतभर जागा पुरते. काकांकडे पुढचा चेहरा भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर आला, म्हणजे खड्डा १९४ हर्ट्झकडे सरकला. तिथे स्पीकर आवाज थोडा जास्त पुढे फेकू लागलेला असतो, त्यामुळे खड्डा काहीसा उथळ होतो. मागे पुस्तकांनी गच्च भरलेला रॅक असेल तर आणखी बरं. भिंतीजवळ आल्यामुळे खर्ज एकूण थोडा वाढतो, तो अ‍ॅम्पवर दोन टप्पे कमी करा. वाढलेला खर्ज कमी करता येतो, हरवलेला परत आणता येत नाही.

सोफा भिंतीला चिकटलेला

खर्जाचा दाब भिंतीजवळ सर्वांत जास्त असतो. डोकं भिंतीला टेकून बसलात तर सगळं जाड ऐकू येणार. याच्या उलट, खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर पहिला सूर जवळजवळ नाहीसाच होतो. सोफा दीड-दोन फूट पुढे घ्या. काकू म्हणाल्या, "मागून केर काढायला तरी जागा झाली."

उंची आणि त्रिकोण

ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक स्वर वाजवणारा छोटा गोल भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा, म्हणजे जमिनीपासून साधारण ९० ते ९५ सेंटिमीटर. शोकेसच्या डोक्यावरून येणारे झांजांचे बारीक स्वर वरून निघून जातात. स्टँड विकत घ्यायचाच असं नाही. आपल्याकडे जांभ्याचा चिरा आहे, तो जड आणि मुका. दोन-तीन चिरे एकमेकांवर रचून वर रबराचा जाड तुकडा ठेवा. लाल भुकटी पडू नये म्हणून आधी रंगाचे दोन हात मारा, आणि घरात लहान मूल असेल तर चिरे सिमेंटने जोडून घ्या.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांच्या त्रिकोणात डोक्यापासून दोन्ही स्पीकरचं अंतर अगदी सारखं हवं. टेपने मोजा, डोळ्याने नको. एक स्पीकर ३५ सेंटिमीटरने जवळ असला तरी त्याचा आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका आधी पोहोचतो, आणि तेवढ्याने गाणारा त्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. कान आधी आलेल्या आवाजाच्या दिशेने वळतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली मांडलेल्या अभ्यासात कानाच्या या सवयीचीच तपासणी आहे.

मधला आवाज मध्ये येतो का?

तपासणी सोपी आहे. स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास बाजारात आल्या, त्यामुळे त्याआधीचं नाट्यगीत किंवा अभंग मोनो असतो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच. असं एखादं ध्वनिमुद्रण लावून डोळे मिटा. गाणारा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. तो सगळीकडे पसरला, डोक्यात घुसल्यासारखा वाटला आणि खर्ज पातळ झाला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्या आहेत. अ‍ॅम्प बंद करून एकाच बाजूच्या वायरी बदला आणि पुन्हा ऐका. काकांच्या मडक्याचं दुसरं कारण हेच निघालं. शोकेसवर चढताना कोणीतरी घाईत वायर लावली होती.

गाणारा मध्ये येतो, पण भिंतीच्या बाजूला कलतो, असं असेल तर दुसरीकडे बाल्कनीचं दार आहे का बघा. उघड्या बाजूने आवाज बाहेर जातो, भिंतीच्या बाजूने परततो. भिंतीवर आरसा कानाच्या उंचीवर धरून घरातल्या कोणाला तरी तो सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात ट्विटर दिसला की तिथे जाड गोधडी किंवा पुस्तकांची मांडणी लावा. दोन्ही स्पीकर तुमच्याकडे किंचित वळवले तरी फरक पडतो. समोरच्या टाइल्सवर सतरंजी अंथरा. टाळी वाजवल्यावर भिंतींमधून "टर्र" उमटतं का, म्हणजे आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटत राहतो का, तेही बघा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. खर्जाला त्यांचा काही उपयोग नाही आणि आपल्या दमट हवेत त्यांच्यामागे झुरळं वसतात.

पावसाळा आणि खारा वारा

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पश्चिमेची भिंत महिनोन्‌महिने ओली असते. त्या भिंतीशी स्पीकर ठेवला तर लाकडाच्या भुशाच्या पाट्यांची पेटी खालून फुगते आणि पाठीवर बुरशी धरते. शक्य असेल तर आतली भिंत निवडा. नसेल तर मागे हवा खेळेल इतकी जागा ठेवा आणि आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. समुद्राकडच्या घरांत तांब्याच्या तारेची उघडी टोकं हिरवी-काळी पडतात आणि एका बाजूचा आवाज खरखरतो किंवा अधूनमधून जातो. दर वर्षी पाऊस संपला की टोकं अर्धा इंच कापून नवी सोलून लावा. वायरचा एखादा केसही शेजारच्या खुंटीला टेकू देऊ नका, त्याने अ‍ॅम्प जळू शकतो.

पागोळ्यांच्या, पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजावर मात करायला आवाज वाढवलात तर खालच्या घरात आधी खर्ज जातो, गाणं नाही. चिऱ्याखालीही रबर घाला. स्लॅबमध्ये जाणारी थेट थरथर कमी होते. हवेतून जाणारी मात्र थांबत नाही, रात्री दहानंतर आवाज कमीच करावा लागतो.

काकांचे स्पीकर विकले गेले नाहीत. सगळं ठरल्यावर आम्ही चिऱ्यांच्या चार कोपऱ्यांना आणि सोफ्याच्या पायांशी रंगीत टेपच्या खुणा केल्या. चतुर्थीला हॉल मोकळा करून मखर बसलं, तेव्हा स्पीकर आतल्या खोलीत गेले. विसर्जनानंतर काकूंनी ते स्वतःच खुणांवर परत बसवले आणि मला फोन करून तानपुरा ऐकवला.