शेतातली भरीत पार्टी: पंचवीस माणसांचा बेत आणि शेतमालकाचा मान

थंडी पडली की जळगाव, यावल, रावेर, भुसावळ या भागात रविवारी कुणाच्या ना कुणाच्या शेतात भरीत असतंच. भरीत बिघडलं म्हणून पार्टी फसली, असं क्वचितच होतं. फसते ती वेगळ्याच कारणांनी. ज्याने शेत दिलं त्याच्याच गळ्यात सगळं काम पडतं, बायका सगळ्यांचं उरकल्यावर गार भाकरी खातात, कुणाची तरी गाडी ठिबकच्या नळीवर उभी राहते. मग पुढच्या वर्षी तो मळा मिळत नाही. म्हणून मुख्य नियम हा: शेत ज्याचं, त्या दिवशी पाहुणा तो. त्याच्याकडून वर्गणी घ्यायची नाही आणि भांडी त्याच्या घरातून मागायची नाहीत. पाट्या उचलायलाही त्याला लावायचं नाही.

तारीख आधी शेतमालकाला विचारून धरा. गव्हाला पाणी द्यायची पाळी, केळीचा घड कापायला येणारी गाडी, कापूस वेचणीचे मजूर यांतलं काही त्या दिवशी असेल, तर तो भिडेपोटी ‘या’ म्हणेल आणि मनातून त्रासेल. त्याला दोन रविवार सांगा, सोयीचा त्यालाच निवडू द्या. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हेही विचारून ठेवा. रात्रीची पाळी असेल तर दुपारी विहिरीचं पाणी मिळणार नाही. काही झालं तरी पिण्याचं 40 लिटर पाणी सोबत न्या.

मग कॅलेंडर पाहा. अनेक घरांत चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण वर्ज्य असतो आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच वांगं सुरू होतं. त्याआधी बेत ठेवलात तर अर्धी मंडळी नुसती पुरी-दही खातील. मार्गशीर्षातले गुरुवार, एकादशी, संकष्टी टाळा. जेवण दुपारचंच ठेवा. संध्याकाळी थंडी झोंबते आणि केळीच्या बागांच्या भागात बिबट्याचं भय आहे. अंधारात उघड्या विहिरीजवळ मुलं सांभाळणं तर कुणालाच जमत नाही.

आमंत्रणात घोळ होतो तो आकड्याचा. ग्रुपवर ‘रविवारी भरीत, सगळ्यांनी या’ एवढंच टाकलं की कुणी एकटा येतो, कुणी सहा जणांना घेऊन. ‘घरच्यांसह या, किती ताटं धरू ते गुरुवारपर्यंत कळवा’ असं स्पष्ट लिहा. वडीलधाऱ्यांना मात्र मेसेज नको, फोनच करा: ‘आप्पा, रविवारी दुपारी जेवायला या. साडेदहाला गाडी न्यायला येईल.’ जिभाऊ, नाना, बापू यांना ‘सगळ्यांना सांगितलंच आहे’ या हिशोबात धरलं की ते येत नाहीत, आणि का आले नाहीत तेही सांगत नाहीत.

फोनवरच दोन गोष्टी विचारून घ्या. कांदा-लसूण चालतो का? आणि वांगं चालतं का? बरेच जैन मित्र वांगंही खात नाहीत. त्यांच्यासाठी बिनलसणाचं वरण आणि पुरी करा, आणि ते आधी कळवा, म्हणजे त्यांना संकोच होत नाही. बाटलीचा विषयही आधीच मिटवा. मालकाच्या घरात माळकरी असतील तर बाटली मळ्यात नेऊच नका, गाडीच्या डिकीतही नको.

पंचवीस ताटांचं सामान

भरताची वांगी 10 किलो, पोपटी हिरवी, पांढरट छटेची. जांभळी घेऊ नका, त्यात बी जास्त निघतं. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. बामणोद, आसोदा, भादली ही वांग्यांच्या गावांची नावं बाजारात आपोआप कानावर येतील. नाव ऐकून मात्र घेऊ नका, हातात घेऊन पाहा. आकाराच्या मानाने हलकं, चकचकीत, देठ हिरवा असं वांगं घ्या. जड आणि पिवळसर झालेलं जून असतं. साल पाहून बारीक भोक शोधा. आत अळी असते. एवढं करूनही किलोभर वाया जाईल, ते 10 किलोत धरलेलं आहे. भाजून सोलल्यावर साधारण 6 किलो गर हाती येतो.

बाकी: हिरवी मिरची अर्धा किलो (गावातली मंडळी असतील तर पाऊण), लसूण 250 ग्रॅम, कांद्याची पात 2 किलो, कोथिंबीर 4 जुड्या, शेंगदाणे अर्धा किलो, सुकं खोबरं 250 ग्रॅम, तेल 1 लिटर, जिरं-मोहरी. हळद नको, भरीत पांढरट हिरवंच दिसायला हवं. पुऱ्यांसाठी कणीक 3 किलो, तळायला दीड लिटर तेल वेगळं. तोंडी लावायला मुळा, काकडी, कांदा, दही, पापड.

कळण्याची भाकरी हवीच असेल तर 4 किलो ज्वारीला 1 किलो उडीद, सालासकट, थोडं खडे मीठ टाकून दळून आणा. यातून पन्नास-पंचावन्न भाकरी होतात. पण खरी अडचण इथेच आहे: पन्नास भाकरी दोन चुलींवर थापायला दोन बायकांचे अडीच-तीन तास जातात, आणि बाकीचे तोवर झाडाखाली गप्पा मारत असतात. सहल सगळ्यांची आहे ना? मग भाकरी करून देणाऱ्या बचत गटाकडून मागवा, फार तर आठ-दहा गरम भाकरी हौसेखातर तिथे थापा. पुऱ्या लाटायला पुरुष बसू शकतात. वाकड्या पुरीनेही भरीत उचलता येतं.

आग आणि भाजणी

जागा मालकाने दाखवलेलीच घ्या. ठिबकच्या नळ्यांपासून निदान पंधरा-वीस फूट लांब, कारण नळी नुसत्या धगीनेही वितळते. केळीच्या बागेच्या कडेला नको, वाळलेली पानं क्षणात पेट घेतात. वारा कुठून कुठे वाहतोय ते पाहा; उभ्या कपाशीकडे ठिणगी जाता कामा नये. शेजारी भरलेला हंडा आणि फावडं ठेवूनच काडी लावा. गाड्या शेतरस्ता अडवून लावू नका. शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर अडला तर शिव्या मालकाला बसतात. त्या शेजाऱ्यालाही जेवायला बोलवा, हे सगळ्यांत सोपं.

भाजायला कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्या. भरीताला धुराचा वास येतो तो यांचाच. गॅसवर तो येत नाही. काड्या भरभर जळतात, म्हणून दहा किलोंना दोन चांगल्या मोळ्या लागतात आणि एक माणूस सतत आगीजवळ हवा. वांग्याला आधी दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर ते फुटतं आणि गर राखेत जातो. काड्यांचा थर, त्यावर वांगी एकेरी, वर पुन्हा पातळ थर. साल काळी झाली म्हणजे वांगं शिजलं, असं नाही. देठाजवळ दाबून पाहा. तिथे मऊ लागलं आणि रस बुडबुडायला लागला की काढा. देठाकडे कच्चं राहिलेलं वांगं पुढे कितीही ठेचलं तरी तुरट गाठी राहतात.

भाजलेली वांगी पातेल्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. सोलताना पाण्यात बुडवू नका, वास धुऊन जातो. हात ओले केले तरी पुरे. देठ धरून सोलायचं, उभं चिरून अळी पाहायची, मगच बाकीच्या गरात घालायचं. हे काम पाच-सहा जणांनी गोल बसून करावं. गप्पांना याहून चांगली जागा पार्टीत दुसरी नाही.

आता एक क्रम चुकवू नका. ज्यांना लसूण चालत नाही त्यांचा गर बडजीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) काही घालायच्या आधी बाजूला काढा आणि स्टीलच्या परातीत ठेचा. बडजी लाकडाची, तिच्यात लसणाचा वास मुरलेला असतो, धुऊनही जात नाही. मुलांचा कमी तिखट वाटाही तेव्हाच वेगळा करा. मग तेलावर परतलेली मिरची आणि लसूण मिठासकट बडजीत ठेचा, त्यावर गर घालून मुसळाने ठेचा. फार नको, रेषा दिसायला हव्यात. मीठ 70 ग्रॅमपासून सुरू करा, चाखून वाढवा.

फोडणीत शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तांबूस झाले की कांद्याची पात, दोन मिनिटांनी गर, शेवटी कोथिंबीर. पात जास्त शिजवली तर भरीत पाणी सोडतं. काही घरांत फोडणीच देत नाहीत, वरून कच्चं तेल घेतात. दोन्ही प्रकार करा, म्हणजे वाद होत नाही.

पंगत

केळीच्या पानावर वाढायचं असेल तर पान घड काढून झालेल्या झाडाचंच तोडा, तेही विचारून. घड लागलेल्या झाडाचं पान तोडलं की घड पोसायला तेवढं कमी पडतं. एका पानाचे तीन-चार तुकडे होतात, सात-आठ पानं पुरतात. चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, हे पांढरा शर्ट घालून आलेल्यांना आधीच सांगा.

पहिली पंगत म्हातारी माणसं, मुलं आणि सकाळपासून राबलेल्या बायकांची. वाढायला तरुण पोरं. मळ्यातला सालदार (वर्षाच्या बोलीवर कामाला असलेला गडी) आणि त्याचं कुटुंब त्याच पंगतीत बसेल असं पाहा. त्याचं साल, म्हणजे वर्षाची बोली, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेलं असतं, त्यात तुमची ताटं उचलणं येत नाही. त्याला पाणी आणायला, झाडायला पिटाळत राहणं हे मालकालाही आवडत नसतं. तो बोलत नाही एवढंच.

जेवताना काय बोलू नये, तेही सांगून टाकू. एकरी किती निघालं, केळीला काय भाव लागला, कर्ज किती उरलं, जमीन विकायची का, हे चारचौघांत विचारू नका. मालक स्वतः सांगत असेल तर ऐका. ‘आमच्याकडे याहून झणझणीत करतात’ हे वाक्य घरी ठेवून या. हरभऱ्याचे घाटे, पेरू, बोरं विचारल्याशिवाय तोडू नका. पंचवीस जणांनी एकेक मूठ घेतली की एक वाफा रिकामा होतो. ओल्या वाफ्यातून चालूही नका.

कांद्याची पात घातलेलं भरीत रात्रीपर्यंत टिकतं, सकाळी आंबूस होतं. म्हणून उरलेलं पंगत उठायच्या आधीच डब्यांत भरा. पहिला डबा मालकाच्या घरी जे येऊ शकले नाहीत त्यांना, दुसरा सालदाराच्या घरी, मग बाकीचे. निखाऱ्यांवर पाणी ओता, फावड्याने उलटवा, पुन्हा ओता. वरून विझलेली राख आतून तासभर धगधगते. प्लास्टिकचे पेले गोणीत भरून गावात न्या. बांधावर राहिले तर गुरं खातात.

बडजी मागून आणलेली असेल तर साबण लावू नका, भिजतही ठेवू नका. गरम पाण्याने घासा, सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर तडकते. हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाका, पावत्यांसकट. ज्यांनी वर्गणी दिली नाही त्यांची नावं तिथे लिहू नका, दुसऱ्या दिवशी वेगळा फोन करा. पैसे उरले तर परत वाटा, पुढच्या पार्टीसाठी कुणा एकाकडे ठेवू नका.