लग्नाला दहा आठवडे उरलेत, किती किलो उतरतील? टार्गेट ठरवायची खरी पद्धत

तुळशीचं लग्न लागलं की मला येणारे मेसेज सगळे एकाच छापाचे असतात. सर, फेब्रुवारीत लग्न आहे, दहा आठवडे आहेत, १५ किलो उतरवायचेत, होईल ना? आणि आधीच कुणीतरी त्यांना ‘हो, आरामात होईल’ म्हणून सांगून पैसे घेतलेले असतात, त्याचा मला खरंच राग येतो, कारण दोन मिनिटांचं गणित आहे हे.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. १५ किलोच्या झाल्या १,१५,५००. दहा आठवड्यांचे ७० दिवस, भागाकार केला की रोजची १६५० कॅलरींची तूट. आता ७० किलोची, हिंजवडीला दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी मुलगी दिवसभरात सगळं मिळून साधारण १८०० कॅलरी खर्च करते. म्हणजे तिने रोज १५० कॅलरी खायच्या, दीड पोळी, बाकी काही नाही, ७० दिवस. हे होणार नाही आणि होऊ पण नये.

त्याच मुलीने रोज ५०० ची तूट नीट सांभाळली तर दहा आठवड्यांत साडेचार किलो चरबी जाते, कंबर चारपाच सेंटीमीटरने कमी होते आणि ब्लाउजच्या शिवणी आत घ्याव्या लागतात. माझ्या मते हा जबरदस्त रिझल्ट आहे, पण तिने मनात १५ धरले असतील तर साडेचारला ती रडत येते. म्हणून टार्गेट ठरवण्यावर मी एवढा वेळ घालवतो, डाएट चार्ट नंतर.

आधीचं

शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असेल, इन्सुलिन घेत असाल, थायरॉइड, किडनी, बाळाला अंगावर पाजणं, पूर्वी कधी खाण्याशी संबंधित आजार झालेला असणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग हा लेख. शुगरच्या काही औषधांवर असताना खाणं अचानक कमी केलं की साखर धोकादायक खाली जाते, हे हलक्यात घेऊ नका. गरोदरपणात आणि १८ च्या आतल्यांनी हे करायचंच नाही.

सामान एवढंच लागतं: डिजिटल काटा, शिंप्याची टेप, एक वही. झालं.

फक्त किलोचं टार्गेट ठेवू नका

पुणेकरांना तर हे माहीतच पाहिजे. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली भारतीय शरीरं अशीच आहेत, हातपाय बारीक आणि चरबी पोटात. म्हणून काट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगते. श्वास सोडून, पोट आत न ओढता, बेंबीच्या रेषेत, आठवड्यातून एकदा मोजायचं. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ धरतात. पहिलं टार्गेट या रेघेच्या दिशेने जाण्याचं ठेवा, किलोचं त्याच्या जोडीला.

पहिले चार आठवडे, इथेच सगळे फसतात

आता मुख्य गोष्ट. बाकी लेख वाचला नाही तरी चालेल पण एवढं वाचा.

पहिल्या दिवशी किलोचं टार्गेट ठरवूच नका. आधी चार आठवडे नीट खा, नीट मोजा आणि मग आकडा ठरवा. लोकांना हे उलटं वाटतं, टार्गेटशिवाय सुरुवात कशी करायची म्हणतात, पण तुमचं शरीर किती वेगाने चरबी सोडतं हे तुम्हाला, मला, कुठल्याच ॲपला आधी माहीत नसतं, वरचं गणित फक्त अशक्य काय आहे ते दाखवतं, तुमचा नक्की वेग नाही.

खाणं कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात काय होतं बघा. शरीरात, म्हणजे स्नायू आणि यकृत धरून, चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साठवणीतली साखर) साठलेलं असतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. भात, पोळी, साखर कमी झाली की हा साठा रिकामा व्हायला लागतो आणि पाणी निघून जातं. लोणचं पापड फरसाण बंद झाल्याने मीठ कमी होतं, अजून पाणी जातं. आतड्यात अन्नच कमी असतं. सगळं मिळून काटा आठ दिवसांत दोन अडीच किलो खाली. त्यात चरबी अर्धा किलो असेल नसेल. आणि इथेच माणूस गुणाकार करतो, आठवड्याला अडीच तर दहा आठवड्यांत पंचवीस! ‘पहिल्या आठवड्यात ३ किलो गॅरंटी’ म्हणून जे पॅकेज विकतात ना, ते याच पाण्यावर विकतात. गॅरंटी पूर्ण होतेच, तोवर तुम्ही तीन महिन्यांची फी भरलेली असते.

दुसऱ्या आठवड्यात चारशे ग्रॅम उतरतात. तिसऱ्या आठवड्यात काटा हलतच नाही, कधी वर जातो. बायकांचं पाळीच्या आधी एक ते दोन किलो पाणी सहज वाढतं. जिम नवीन लावली असेल तर दुखऱ्या स्नायूंमध्ये पाणी धरून राहतं. क्रिएटिन (जिमवाले घेतात ती पावडर) चालू केलं असेल तर आणखी. आत चरबी व्यवस्थित जळत असते आणि वर पाणी तिला झाकून टाकतं. बहुतेक लोक सोडून देतात ते याच तिसऱ्या आठवड्यात, आणि मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं, कारण त्यांचं सगळं बरोबर चाललेलं असतं. मला स्वतःला ही गोष्ट अंगवळणी पडायला फार वेळ लागला, गणित पाठ होतं तरी सकाळी आकडा वाढलेला दिसला की त्या दिवसाचं जेवण निम्मं करावंसं वाटायचं. करू नका तसं. रविवारी मिसळ खाल्ली, वर दोनदा कट घेतला आणि सोमवारी काटा ९०० ग्रॅम जास्त दाखवतोय, तर ९०० ग्रॅम चरबी वाढायला दिवसभराच्या खर्चाच्या वर जवळपास ७००० कॅलरी खाव्या लागतात, तेवढी मिसळ कुणी खात नाही, ते मीठ आणि पाणी आहे आणि दोनतीन दिवसांत जातं.

म्हणून मोजायची पद्धत अशी. रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यात, काटा फरशीवर, गालिच्यावर नाही. आकडा वहीत लिहा आणि विसरा. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढा. फक्त सरासरीची सरासरीशी तुलना करायची, आजच्याची कालच्याशी कधीच नाही. जिमच्या काट्यावर बूट घालून संध्याकाळी केलेलं वजन वहीत लिहायचंच नाही.

उदाहरण देतो. पहिल्या आठवड्याची सरासरी ६९.१, दुसऱ्या ६८.६, तिसऱ्या ६८.५, चौथ्या ६७.६. पहिला आठवडा गणितातून पूर्ण बाहेर काढा, तो पाण्याचा. दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत एक किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. हा तुमचा वेग. तिसऱ्या आठवड्यात काहीच झालं नाही असं वाटलं होतं, चौथ्यात पाणी सुटल्यावर ते दिसलं. पाळी येत असेल तर चार आठवड्यांपेक्षा कमीवर निर्णय घेऊच नका, आणि पुढच्या महिन्यापासून पाळीच्या आधीच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करा.

आता आकडा

उरलेले सहा आठवडे गुणिले अर्धा किलो म्हणजे तीन. ६७.६ वजा ३, म्हणजे साधारण ६४.५. टार्गेट म्हणून एक आकडा लिहू नका, ६४.५ ते ६५.५ असा पट्टा लिहा, मध्ये दोन लग्नं आणि एखादा ताप येणारच.

वेग किती असावा, तर आठवड्याला स्वतःच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, आणि ज्यांना थोडंच कमी करायचंय त्यांनी अर्ध्या टक्क्याच्या जवळच राहावं. ९५ किलोच्या माणसाचा खर्च २४०० च्या आसपास असतो, तो १७०० खाऊन आठवड्याला सहाशे ग्रॅम आरामात उतरवतो. ५८ किलोच्या बाईने त्याच्याशी स्पर्धा करायची नाही, नवरा बायको एकत्र सुरू करतात तेव्हा हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.

पहिला आठवडा सोडून पुढेही एक टक्क्याहून जास्त उतरत असेल तर खुश होऊ नका, खाणं वाढवा. फार वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, स्नायू जातात, आणि केस लगेच नाही पण दोनतीन महिन्यांनी मुठीने गळतात, म्हणजे बरोबर लग्नाच्या आसपास. ८०० कॅलरीच्या आतलं डाएट हा डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचा प्रकार आहे, यूट्यूब बघून नाही.

आणि अजूनही दहा आठवड्यांत २० टक्के वजन उतरवायचं असेल तर हे ऐका. सेमाग्लूटाइड, ज्या इंजेक्शनची एवढी चर्चा आहे, त्याच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं, आणि त्याला ६८ आठवडे लागले. एवढ्या ताकदीच्या औषधाला सव्वा वर्ष लागतं.

आकडा हललाच नाही तर

चार आठवड्यांच्या सरासरीत काहीच फरक नसेल तर मेटाबॉलिझमला दोष द्यायच्या आधी तेल बघा. घरात महिन्याला किती लिटर तेल येतं त्याला माणसांनी भागा. माणशी एक लिटर येत असेल तर रोजच्या २७० कॅलरी फक्त तेलाच्या, पोळीच्या आणि भाताच्या मागे लागलेली माणसं हे कधी मोजतच नाहीत. माणशी अर्ध्या लिटरवर आणा, ताटातलं काहीही न काढता रोजच्या १३५ वाचल्या. मग दिवसभरातले अमृततुल्यचे साखरेचे चहा, मुलांच्या ताटात उरलेलं संपवणं आणि स्वयंपाक करताना चव बघणं. आणि उपवास, साबुदाण्याची खिचडी तूप दाण्याच्या कुटासकट खाऊन वर ‘आज काहीच खाल्लं नाही’ असं वहीत लिहू नका.

खाणं

दोन वेळा जेवायचं डॉ. दीक्षितांचं की थोडं थोडं खायचं दिवेकरांचं, यावर पुण्यातल्या घराघरांत भांडणं झालीत. ज्याला जे महिनोन्महिने जमेल ते करा, तूट पडली पाहिजे. माझा हट्ट एकाच गोष्टीचा, प्रोटीन, वजनाच्या किलोमागे रोज निदान १.२ ग्रॅम. अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा, आणि सोया चंक्समध्ये १०० ग्रॅम कोरड्याला ५० च्या वर. नुसत्या वरणाच्या वाटीने भागणार नाही.

व्यायाम

आठवड्यातून तीनदा वजनं उचला, रोज चाला. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, जी घराजवळ असेल ती. तासभर चालून साधारण अडीचशे कॅलरी जातात, एका वडापावने त्या परत येतात, तेव्हा टेकडी केली म्हणून खाण्यात सूट घेऊ नका. वजनं उचलायची ती स्नायू टिकवण्यासाठी, फोटोत जो ‘ट्रान्सफॉर्मेशन’ दिसतो तो किलोपेक्षा त्याचाच असतो (आणि बऱ्यापैकी प्रकाशाचा आणि पोट आत ओढण्याचा).

तारीख जवळ आली की

शेवटच्या आठवड्यात पाणी तोडणं, मीठ पूर्ण बंद, दोन दिवस नुसता ज्यूस, हे काहीही करायचं नाही. हळदीच्या दिवशी नवरी चक्कर येऊन पडावी एवढ्या लायकीचा कुठलाही आकडा नाही. उलट लग्नाच्या चार दिवस आधी तूट बंद करा, पोटभर जेवा, झोपा.

नंतरचे दोनतीन महिने वजन फक्त आहे तिथे ठेवा, तेच टार्गेट, सरासरी एक किलोच्या आत वरखाली. पुन्हा उतरवायचं असेल तेव्हा वही नव्याने सुरू करा, पहिला आठवडा पुन्हा गणिताबाहेर, कारण ६५ किलोच्या शरीराचा खर्च ७० किलोच्या शरीरापेक्षा रोजचा शंभरेक कॅलरींनी कमी असतो आणि मागच्या वेळचा अर्धा किलोचा वेग या वेळी तेवढंच खाऊन चारशे ग्रॅमच्या आसपासच निघेल.