‘सर, एक राउंड मारू?’

श्रीलंकेतल्या गॉल बंदराच्या बाहेर लाँच येऊन लागते. चाच्यांपासून जहाज राखणारे चार गार्ड शिडीने वर चढतात, मागून दोरीने काळ्या लांबट पेट्या वर घेतल्या जातात आणि त्या रात्री मेसमध्ये एखादा कॅडेट हमखास विचारतो, “सर, टेस्ट फायरिंगला आम्हाला एक राउंड मारायला मिळेल का?”

कॅडेट असताना मीही विचारलं होतं. तेव्हा उत्तर नाही असं मिळालं होतं, आज मीही तेच देतो. खलाशांनी हत्यार हातात घेऊ नये हा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा जुना सल्ला आहे. त्या रायफली टीमच्या परवान्यावर असतात, जहाजाचा विमाही त्याच हिशेबाने काढलेला असतो. बोट तुमचं आणि चाप त्यांचा, असा मामला झाला आणि काही वेडंवाकडं घडलं, तर तुमच्या बाजूने एकही कागद बोलणार नाही. तेव्हा ती हौस सुट्टीत गावच्या जत्रेत फुगे फोडून भागवा.

फायरिंगमध्ये तुम्हाला काम मात्र आहे आणि ते गोळी मारण्याहून अवघड आहे. थर्ड मेट (धाकटा डेक अधिकारी) म्हणून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या जागी, उभे असाल, तर समुद्र मोकळा आहे की नाही हे सांगणारा माणूस तुम्हीच. पुढचं सगळं त्या कामाबद्दल लिहितोय, कारण सिक्युरिटीच्या कोर्समध्ये आम्हाला हे कुणी नीट शिकवलं नव्हतं.

आधी टेस्ट फायरिंग म्हणजे काय ते सांगतो. पेट्या आठवडेच्या आठवडे खाऱ्या हवेत फिरलेल्या असतात, शिडीवर आपटलेल्या असतात. रायफल सुटते का, अडकते का, दुर्बीण हलली आहे का, एवढं बघायला प्रत्येक जण मोजके राउंड मारतो. यात स्पर्धा नाही आणि लक्ष्यही लागत नाही. पूर्वी कुणीकुणी रिकामा ड्रम किंवा खोका पाण्यात टाकून त्यावर नेम धरत. ते आता विसरा. १ जानेवारी २०१३ पासून मार्पोल या सागरी प्रदूषणविरोधी कराराच्या पाचव्या परिशिष्टाने जहाजावरून कचरा टाकण्यावर सरसकट बंदी आणली. अन्नाच्या उरल्यासुरल्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर पुठ्ठासुद्धा टाकता येत नाही. ड्रम टाकणं म्हणजे कचरा टाकणं, वर भोकं पाडून बुडवणं. जहाजाच्या बाजूला पाण्यावर जो पांढरा फेस उठतो, तोच नेम धरायला पुरेसा आहे.

आता मुख्य गोष्ट. जमिनीवरच्या रेंजवर लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध असतो. नेम चुकला तरी गोळी त्यात रुतते. समुद्रात हा बांध नाही. गार्डांकडच्या ७.६२ मिमीच्या रायफलीची गोळी मोकळी सुटली, तर चारएक किलोमीटर जाऊ शकते, म्हणजे दोन सागरी मैलांहून जास्त. नवा माणूस म्हणतो, “पाण्यातच मारतोय ना, बुडेल.” बुडेलच असं नाही. लहानपणी चपटी खापरी तिरपी फेकून पाण्यावर टप्पे काढलेत ना? गोळीचंही तसंच. ती पाण्याला फार तिरपी लागली, काही अंशांच्या आत, तर आत शिरत नाही, उसळते. उसळल्यावर ती कुठल्या दिशेला जाईल, हे मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

एकदा कागदावर हे गणित करून बघा. आमच्या बल्क कॅरियरची ब्रिज विंग, म्हणजे ब्रिजच्या बाजूचा उघडा सज्जा, पाण्यापासून साधारण वीस मीटर उंच होती. सत्तर मीटरवरच्या फेसावर गोळी मारली, तर ती पाण्याला सोळा अंशांनी लागते. तीनशे मीटरवर मारली, तर कोन चार अंशांखाली येतो. म्हणजे लांबवर नेम धरणं जास्त धोक्याचं आणि जहाजाच्या अगदी जवळ, मान खाली घालून मारणं कमी धोक्याचं. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. लाटेचा उतार कुठल्या बाजूला आहे, त्यावरही कोन बदलतो. त्यामुळे अमुक अंशाला सुरक्षित, असा आकडा पाठ करून चालत नाही. जितकं सरळ खाली मारता येईल तितकं बरं. आता छोट्या होडीचा विचार करा. रायफल पाण्यापासून जेमतेम दीड मीटर वर आहे. पन्नास मीटरवर नेम धरला तरी कोन दोन अंशांच्या आतच. वर होडी हलतेय. नळी एका अंशाने हलली, तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो आणि होडी एका अंशावर थांबते थोडीच. म्हणून कुणी मित्र स्पीडबोटीतून बाटल्यांवर नेमबाजी करू या म्हणाला, तर मी त्या बोटीत चढणार नाही. तुम्हीही चढू नका.

‘समुद्र मोकळा आहे’ हे वाक्य म्हणायला सोपं आहे. वीस मीटर उंचीवरून क्षितिज नऊ मैलांवर दिसतं आणि निळी कोरी पाटी बघून माणूस बिनधास्त होतो. पण लाकडी किंवा फायबरची बोट रडारवर नीट उमटत नाही. समुद्र थोडा खवळलेला असला, की लाटांच्या ठिपक्यांत ती हरवून जाते. आपण क्लटर, म्हणजे हा लाटांचा कचरा, कमी करायला बटण फिरवतो आणि कचऱ्याबरोबर बोटही पुसून टाकतो. एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा रेडिओवर आपोआप सांगणारं यंत्र, असेलच याची खात्री नाही. किनाऱ्यापासून लांब गेलं की बोटी नसतात, हाही भ्रम. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तुत्तूरचे मच्छीमार अरबी समुद्रात शेकडो मैल आत येऊन गळ लावतात. रात्रभर जागलेला खलाशी दुपारी तिथेच इंजिन बंद करून झोपलेला असतो. आमच्या देवगडातल्या नात्यागोत्यातली निम्मी माणसं होड्यांवर, त्यामुळे मला ती बोट लवकर दिसते, असं नाही. ती असणार, असं मी धरून चालतो, एवढाच फरक.

हे धरून न चालल्यास काय होतं, याचं उदाहरण आपल्याच समुद्रातलं आहे. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस मैलांवर ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी ‘सेंट अँटनी’ या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार गेले. त्यांना चाचे समजलो, असं नौसैनिकांचं म्हणणं होतं. खटला, मग हेगचा लवाद, २०२० चा निवाडा, दहा कोटींची भरपाई, असं करत २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. ती टेस्ट फायरिंग नव्हती, हे मान्य. पण जहाजाच्या उंचीवरून खालची होडी कशी दिसते, किंवा दिसत नाही, हे समजून घ्यायला याहून ठळक प्रकरण मला माहीत नाही. त्या काळात चाचेगिरीच्या धोक्याचा पट्टा पूर्वेला ७८ रेखांशापर्यंत, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याला कवेत घेऊन आखलेला होता. भारताने त्यावर आक्षेप घेतला आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती रेषा ६५ रेखांशापर्यंत मागे गेली.

आता माझी चूक. थर्ड मेट म्हणून माझं ते पहिलंच जहाज. गॉल सोडून दीड दिवस झाला होता, मिनिकॉय मागे पडलं होतं. टीम लीडरने कॅप्टनकडे परवानगी मागितली, सकाळी दहाची वेळ ठरली. डावी बाजू निवडली, कारण सूर्य उजवीकडे होता आणि डावीकडे सहा मैलांच्या आत काही नव्हतं. एक रडार तीन मैलांच्या रेंजवर, दुसरं बाराच्या. मी आणि एबी (अनुभवी खलाशी) दोघांनी दुर्बिणीने वेगवेगळं क्षितिज धुंडाळलं. मागे आठ मैलांवर एक कंटेनर जहाज होतं, त्याला व्हीएचएफ रेडिओवर सांगितलं. हे मुद्दाम करायचं असतं. फायरिंगची चाहूल लागून त्याने ‘हल्ला झाला’ म्हणून यूकेएमटीओला, म्हणजे व्यापारी जहाजांकडून हल्ल्यांच्या खबरा घेणाऱ्या ब्रिटिश केंद्राला, कळवलं, तर सगळीकडे धावपळ. मग पीएवर, म्हणजे जहाजभरच्या स्पीकरवर, घोषणा केली : सगळ्यांनी आत थांबा, डेक बंद. पंपावर, स्टोअरमध्ये, कुणी कुठेही असो, आत या.

आणि इथे मी एक गोष्ट सोडून दिली. डोकी मोजली नाहीत. घोषणा केली म्हणजे सगळ्यांनी ऐकली, असं गृहीत धरलं.

टीम लीडरने मॅगझिन चढवायला सांगितलं. मी सवयीने विंगच्या टोकावरून मागे वाकून बघितलं, तर खाली पूप डेकवर, म्हणजे जहाजाच्या मागच्या डेकवर, मेसमन. हातात उरलेल्या भाताची बादली, तोंडात गाणं. गॅलीच्या (स्वयंपाकघराच्या) मागच्या बोळातला स्पीकर कधीचा मेला होता. मी ओरडलो, “सीज फायर!” पण गार्डांच्या कानांवर मफ. टीम लीडरचा हात आधीच वर होता, कारण त्याने माझा चेहरा बघितला होता. एकही गोळी सुटली नव्हती. नेम बाजूला, पाण्याकडे होता, मेसमनच्या दिशेने नळी नव्हतीच. तरीही माझे पाय लटपटत होते. मेसमनने वर बघून हात हलवला.

कॅप्टन काही बोलले नाहीत. त्यांनी फायरिंग अर्धा तास पुढे ढकललं आणि बोसनला (खलाशांच्या मुकादमाला) मेसमध्ये सगळ्यांना बसवून नावं वाचायला लावली. बावीसपैकी कोण ब्रिजवर, कोण इंजिन कंट्रोल रूममध्ये, बाकी मेसमध्ये. बावीस भरल्यावरच पुन्हा सुरुवात. त्या दिवसापासून पीएवर माझा विश्वास नाही. नाव वाचायचं, माणसाने ‘हो’ म्हणायचं. थांबण्याची खूणही शब्दावर ठेवायची नाही. दोन्ही हात डोक्यावर आडवे केले की थांबा, हे आधी प्रत्येकाला दाखवून ठेवायचं. ती खूण करायचा हक्क कॅप्टनपासून मेसमनपर्यंत सगळ्यांना. फायर करायचा हुकूम मात्र एकाच तोंडून.

दुसरी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. रायफलीची दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असते. दुर्बिणीतून बघणाऱ्याला समोर स्वच्छ पाणी दिसतं आणि नळीच्या तोंडाशी मात्र विंगचा कठडा असतो. खाली मारायचं म्हटलं की हा घोटाळा आणखीच सोपा होतो. गोळी आपल्याच लोखंडावर बसली, तर तिचे तुकडे विंगवर उभ्या सगळ्यांच्या अंगावर. म्हणून बाजूला उभं राहून, दुर्बिणीतून नव्हे तर स्वतःच्या डोळ्यांनी, नळीचं तोंड कठड्याच्या बाहेर आहे हे बघणारा एक माणूस हवा. आमच्याकडे ते काम कॅडेटला मिळायचं. गोळी मारायला मिळाली नाही म्हणून रुसलेल्या कॅडेटला हे काम द्या, तो पुढे कधी विसरत नाही.

राउंड सुटला नाही, तर लगेच रायफल उघडून बघायची घाई गार्डही करतात. काडतूस उशिराही पेटू शकतं. नळी पाण्याकडेच ठेवून अर्धा-एक मिनिट थांबायचं, कुणी हलायचं नाही. टँकरवर असाल तर प्रकरण वेगळं. टाक्यांचे व्हेंट श्वास घेत असतील, गॅस-फ्री (टाक्यांतला वायू बाहेर काढणं) चालू असेल, वारा ब्रिजकडे येत असेल, तर फायरिंगचा विषयच काढायचा नाही. चीफ मेटचा होकार आधी घ्या. विंगवर फिरणाऱ्या पुंगळ्यांवरून (काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांवरून) पाय घसरतो, गरम पुंगळी कॉलरमध्ये पडते आणि माणूस रायफलीसकट उडी मारतो. म्हणून कॉलरचं बटण लावा, बूट घाला, कानात प्लग हवेतच. डॉल्फिन आले तर थांबा. माझ्या बघण्यात एका गार्डाने समुद्रपक्ष्याकडे नळी वळवली होती. टीम लीडरने त्याला त्या प्रवासात पुन्हा रायफल दिली नाही. बरं केलं.

१ जानेवारी २०२३ पासून हिंदी महासागरातला तो धोक्याचा पट्टा अधिकृतपणे काढून टाकला गेला. मला वाटलं, हे ज्ञान आता म्हाताऱ्यांच्या गप्पांपुरतं उरलं. मग डिसेंबर २०२३ मध्ये ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवलं गेलं, मार्चमध्ये आपल्या नौदलाने ते सोडवलं आणि पस्तीस चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. पेट्या पुन्हा शिडीने चढताहेत.

फायरिंग संपल्यावर रायफली रिकाम्या आहेत हे दोघांनी बघायचं, पेट्यांना कुलूप लावायचं. लॉगमध्ये वेळ, अक्षांश-रेखांश, वारा, किती राउंड मारले आणि किती पुंगळ्या परत आल्या, हे लिहायचं. हे दोन आकडे जुळले पाहिजेत. मी कॅडेट असताना एकदा वीस राउंड गेले आणि पुंगळ्या भरल्या एकोणीस. बोसन विंगच्या गटारात हात घालून बसला होता. चीफ मेट आमच्याच बाजूचे, चिडले की मालवणीवर यायचे. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“खिशात काय आसा रे?”

आठवण म्हणून घेतलीय, म्हटलं मी.

“मुंबईक उतरतलंस तेव्हा एअरपोर्टच्या मशिनीत ही दिसतली. मगे पोलिसांका सांग आठवण म्हणान.” त्यांनी हात पुढे केला. पुंगळी अजून कोमट होती. कॅप्टन लॉगवर पेन टेकवून थांबलेच होते. त्यांनी ‘२०’ लिहिलं आणि मला ब्रिज विंग झाडायला पाठवलं.