लिथुआनियन माणसाला 'गेट' शिकवताना
कोणा लिथुआनियन मित्राला इंग्लिश शिकवत असाल तर 'गेट' म्हणजे 'गाउती', म्हणजे आपलं मिळणं, एवढंच सांगून सोडू नका, नंतर फार घोळ होतो. पत्र मिळालं तिथे गाउती चालतं, पण 'गेट टायर्ड'ला त्यांच्याकडे थेट 'पावार्ग्ती', 'गेट अँग्री'ला 'सुपीक्ती', आणि 'आय गेट इट' म्हटलं की 'सुप्रास्ती', सगळी वेगवेगळी क्रियापदं (आपलं दमणं, चिडणं, कळणं तसंच की!). म्हणून 'गेट'च्या पुढचा शब्द बघायला लावा. वस्तू असेल तर बहुतेक मिळणं किंवा आणणं, विशेषण असेल तर काहीतरी बदलतंय, 'होम'सारखी जागा असेल तर पोचणं. 'गेट अप'सारखे मात्र सरळ पाठच करायचे, तिथे लॉजिक शोधत बसू नका.