भाडेकरूंसकट गाळ्यांची शेड विकत घ्यायची असेल तर

भोसरीत जॉबवर्क करायचो तेव्हा मी स्वतः बारा वर्षं भाड्याच्या गाळ्यात होतो, नंतर मालक झालो, आत्तापर्यंत तीन शेड घेतल्या आणि त्यातली एक विकून टाकली. त्यामुळं "सहा गाळ्यांची शेड, सगळे गाळे भरलेले, घरबसल्या दोन लाख भाडं" असा मेसेज कुणी पाठवला की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो, कारण असा मेसेज वाचून टोकन देऊन आलेली माणसं शेवटी माझ्याकडंच फाईल घेऊन येतात. सल्ले देणारे सगळे लोकेशन लोकेशन करत बसतात. खरी गोम आत बसलेल्या भाडेकरूंमध्ये असते आणि त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

पैसे किती आहेत, कर्ज किती मिळेल, वकील कोण, हे तुम्ही ठरवलंय असं धरून चालतो.

१. जागा

चाळीस फुटी कंटेनर गेटपर्यंत येऊन वळतो का ते बघा. शक्यतो पावसाळ्यात बघा. पुढं.

२. कागद

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, मालकीचा तीस वर्षांचा सर्च, हे वकिलाचं काम आहे आणि त्याला करू द्या. फक्त दोन गोष्टी स्वतः समजून घ्या.

एक म्हणजे टॅक्सची पावती ही परवानगी नसते. अनधिकृत बांधकामालाही महापालिका टॅक्स लावते, वर शास्तीपण लावते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली-कुदळवाडीत बुलडोझर फिरले आणि हजारो शेड, गोडाऊन भुईसपाट झाले, तिथं धंदा करणारी माझ्या ओळखीची दोन माणसं एका आठवड्यात रस्त्यावर आली. पावत्या दोघांकडंही होत्या.

दुसरं, एमआयडीसीतला प्लॉट असेल तर जमीन तुमची कधीच होत नाही, ती ९५ वर्षांच्या लीजवर असते, त्यातली किती वर्षं उरली ते मोजा. शिवाय प्लॉट नावावर करायला एमआयडीसीची परवानगी आणि प्रीमियम लागतो, आणि आत गाळे पाडून भाड्यानं द्यायलाही वेगळी परवानगी आणि चार्जेस लागतात. मूळ मालकानं ती पोटभाड्याची परवानगी घेतलीच नसेल तर आतले सहाही भाडेकरू एमआयडीसीच्या लेखी नाहीतच, आणि ते निस्तरायचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

३. हिशोब

ब्रोकर भाड्याला बारानं गुणतो आणि किमतीनं भागतो, झाला त्याचा हिशोब. आपण नीट करू. समजा सहा गाळे, प्रत्येकी १,५०० स्क्वेअर फूट, भाडं महिन्याला फुटाला २२ रुपये, म्हणजे महिन्याला १,९८,००० आणि वर्षाला २३.७६ लाख. किंमत २.९० कोटी सांगितली तर दिसायला सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास परतावा. आता यातून एक गाळा तीन महिने रिकामा राहिला ते ९९ हजार, प्रॉपर्टी टॅक्स धरा १.६० लाख, पत्रे-गटार-रंगाची डागडुजी १.२० लाख, वॉचमन आणि बाहेरचे दिवे आणि विमा मिळून २.४० लाख, नवीन भाडेकरू आणायची दलाली एक महिन्याचं भाडं, असं सगळं काढलं की उरतात सव्वासतरा लाखाच्या आसपास. आणि लागलेली रक्कम २.९० नाही, कारण वर ७ टक्के मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी, वकील, ब्रोकर, म्हणजे ३.१२ कोटी. आला साडेपाच टक्के. इन्कम टॅक्स अजून बाकीच आहे. हा आकडा बघूनही घ्यावंसं वाटत असेल, कारण जमिनीची किंमत वाढेल असा तुमचा अंदाज आहे, तर घ्या, मीही तसाच घेतो. पण सव्वाआठ टक्क्यांच्या आशेवर घेऊ नका.

आणि हो, वर्षाचं भाडं २० लाखांच्या पुढं गेलं की जीएसटी नंबर घ्यावा लागतो आणि भाड्यावर १८ टक्के लावावा लागतो. जीएसटीवाला भाडेकरू तो क्रेडिटमध्ये घेतो, त्याला फरक पडत नाही. बिगर जीएसटीवाला छोटा फॅब्रिकेटर मात्र तोंड वाकडं करतो आणि भाडं कमी करून मागतो, तेही हिशोबात धरा.

४. भाडेकरू

इथं जरा थांबा. माझ्या पहिल्या शेडमध्ये मी इथंच आपटलो.

मालकानं सहा करारांची फाईल दिली, सुंदर लॅमिनेट केलेली. सगळे करार अकरा महिन्यांचे, शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेले. मी आकडे बेरजेला घेतले, खरेदीखत केलं, आणि पुढच्या महिन्यात भाडं मागायला गेलो. तीन नंबरच्या गाळ्यात प्रेसशॉप होतं, तिथले काका म्हणाले, भाडं देतो की, पण मी पुढच्या दिवाळीत गाळा सोडणार आहे, माझं डिपॉझिट तयार ठेवा, चार लाख. मी म्हटलं करारात तर एक लाख आहे. त्यांनी ड्रॉवर उघडला, ऑइलचे डाग पडलेली शाळेची वही काढली, आणि त्यात जुन्या मालकाच्या अक्षरात "रोख तीन लाख मिळाले", खाली सही आणि तारीख. जुना मालक फोन उचलेना. वकिलाकडं गेलो तर तो म्हणाला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाच. लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा नुसती वापरू देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो करून घ्यायची जबाबदारी मालकाची, आणि नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं तर तुम्ही करा. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही ही समजूत आपल्याकडं चुकीची आहे. तीन लाख माझ्या खिशातून गेले. काकांचा काही दोष नव्हता, आजही चहाला बोलावतात.

त्यानंतर मी जे करतो ते सांगतो, आणि यातलं एकही गाळू नका.

मालकाकडून करार घेऊ नका, म्हणजे घ्या, पण त्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कराराची इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा) मागा आणि मागच्या चोवीस महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा, ज्यात भाडं जमा झालेलं दिसतंय. जे भाडं रोखीत येतं ते माझ्या हिशोबात शून्य. भाडेकरू कंपनी असेल आणि टीडीएस कापत असेल तर तो मालकाच्या २६एएस मध्ये (इन्कम टॅक्सकडं जमा झालेल्या टीडीएसचं पत्रक) दिसतोच, तो कागद मागितला की खोटं बोलणाऱ्या मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. "सीएकडं आहे, देतो" असं दोनदा झालं की मी उठतो.

मग गाळ्यांवर एकट्यानं जा. ब्रोकर नको, मालक नको. गुरुवारी जाऊ नका, भोसरीकडं सुट्टी असते, सगळे शटर बंद दिसतील आणि काहीच कळणार नाही. आधी बाहेरचा बोर्ड वाचा, नोंदणी असलेल्यानं जीएसटी नंबर बोर्डावर लावायचा असतो, तो मोबाईलवर पोर्टलला टाकला की फर्मचं नाव आणि पत्ता येतो. दुसऱ्या शेडच्या वेळी मला चार नंबरला असंच सापडलं, करार एका पॅकेजिंगवाल्याच्या नावावर, बोर्ड कुणाचाच नाही, आणि आत पाच मशीन भलत्याच माणसाची, तो त्या पॅकेजिंगवाल्याला दरमहा बारा हजार जास्त देत होता. असा पोटभाडेकरू तुमच्याशी काही करारात नाही आणि तरी ताबा त्याचाच, म्हणजे उद्या काढायचा कुणाला हा प्रश्न.

रिकामा गाळा भरलेला दाखवायची युक्ती जुनीच आहे. बाकी सगळे २१ रुपये देतायत आणि एकच गाळा ३० नं गेलाय, करार तीन महिन्यांपूर्वीचा, तर आत जाऊन बघा. मी गेलो तेव्हा आत एक बल्ब, आठ लाकडी पॅलेट आणि भिंतीला टेकवलेली एक सायकल होती. चहावाल्याला विचारलं, तो म्हणाला इथं कुणी येत नाही, मालकाचे साढू कधीमधी गाडी लावतात. चहावाला हा या व्यवहारातला सगळ्यात विश्वासू माणूस, त्याला किती गाळ्यांत किती कप जातात ते पाठ असतं.

भाडेकरूशी बोलताना पाच प्रश्न. कधीपासून आहात, भाडं किती आणि कुणाच्या खात्यात, डिपॉझिट एकूण किती (रोख धरून, हे मुद्दाम विचारा), लाईट बिल कुणाच्या नावावर, आणि आत स्वतःच्या खर्चानं काय काय केलंय. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो पण मेझनाईन (आतला पोटमाळा), होइस्ट (जड माल उचलायचं यंत्र), मशीनचं फाउंडेशन, यावर जाताना भांडणं होतात. कुणी जुन्या भाडेपावत्या काढून दाखवायला लागला, वडिलांपासून गाळा आहे म्हणाला, तर तो लायसन्सवाला नसून भाडे कायद्याचं संरक्षण असलेला भाडेकरू असू शकतो. मग ती शेड एक गाळा कमी धरूनच मोजा किंवा सोडून द्या. मी सोडतो.

हे सगळं झालं की प्रत्येकाकडून एक पानी पत्र घ्या, मराठीतच लिहा, त्याला समजलं पाहिजे. अमुक गाळा, अमुक तारखेपासून, भाडं इतकं, डिपॉझिट रोख आणि चेक मिळून इतकं, ॲडव्हान्स भाडं दिलेलं नाही, आतल्या कामाबद्दल मालकाकडं काही मागणं नाही, सही, शिक्का, तारीख. विकणाऱ्यालाही त्याच पानावर सही करायला लावा. तो तयार नसेल तर तुम्हाला जे कळायला हवं होतं ते कळलं.

आता सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. लिव्ह अँड लायसन्स हा मालक बदलला की आपोआप तुमच्याकडं येत नाही. इंडियन इझमेंट्स ॲक्ट १८८२ चं कलम ५९ सांगतं की लायसन्स देणाऱ्यानं मालमत्ता विकली तर घेणारा त्या लायसन्सला बांधील नसतो. काहींना हे ऐकून आनंद होतो, म्हणजे काढता येईल! अहो, पण तुम्हाला काढायचं नाहीये, भाडं हवंय, आणि तुम्ही बांधील नाही तशीच जुन्या करारातल्या लॉक-इनची (म्हणजे अमुक काळ गाळा सोडायचा नाही या अटीची) खात्रीही तुमच्याकडं राहत नाही. आणि काढणंही सोपं नाही, मुदत संपल्यावर झटपट ताबा मिळायची कलम २४ ची सोय राहत्या जागेसाठी आहे, गाळ्यासाठी कोर्टात दावाच लावावा लागतो आणि त्याला वर्षं जातात. म्हणून खरेदीखताच्या आठवड्यातच सहाही भाडेकरूंशी तुमच्या नावानं नवीन करार, नोंदणीसह. मुदत ६० महिन्यांच्या आत ठेवा, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का लागते, वर बिनव्याजी डिपॉझिटचं थोडं. त्याच्या पुढं गेलात की तो लीज धरला जातो आणि ड्युटीचं गणितच बदलतं. भाडेकरू आढेवेढे घेतो, जुन्या कराराची मुदत आहे म्हणतो, तेव्हा उरलेली मुदत तशीच ठेवून करा पण करा.

५. वीज

बऱ्याच जुन्या शेडमध्ये महावितरणचं एकच कनेक्शन आणि आत सबमीटर असतात. प्रत्येक गाळ्याला वेगळं थ्री फेज कनेक्शन करून देणं ही अट टोकन देतानाच घाला, नंतर मालक करत नाही. जुनी थकबाकी जागेला चिकटते, त्यामुळं शेवटचं बिल आणि थकबाकी नसल्याचं पत्र हवंच. मंजूर लोडही बघून घ्या, व्हीएमसीवाला (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन लावणारा) भाडेकरू कमी भाड्यापेक्षा पुरेशा लोडमुळं टिकतो.

फायरचा बी फॉर्म (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैचा) आणि पावडर कोटिंग, प्लेटिंगसारखा भाडेकरू असेल तर त्याचं प्रदूषण मंडळाचं कन्सेंट (संमतीपत्र), दोन्हीच्या कॉपी घ्या.

६. खरेदीखत

सगळ्या गाळ्यांचं डिपॉझिट, पत्रात लिहिलेलं, किमतीतून वजा करा आणि तक्ता खरेदीखताला परिशिष्ट म्हणून जोडा. "मी भाडेकरूंना परत देतो, तुम्ही परत घ्या" असं मालक म्हणेल, ऐकू नका. किंमत ५० लाख किंवा वर असली की १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, हे विसरलं की दंड तुम्हाला बसतो.

७. ताबा

सहाही मीटरच्या रीडिंगचे फोटो, भाडेकरूला नवीन खातं नंबर लेखी, जुन्या मालकाचं "यापुढं भाडं यांना द्या" पत्र. पत्रेवाल्याला मे महिन्यातच बोलवा आणि सगळ्या छताचे नट-वायसर बघून घ्या, कारण सात जूननंतर तो फोन उचलत नाही आणि व्हीएमसीच्या कंट्रोल पॅनलवर पाणी गळायला लागलं की भाडेकरू तुमचाच फोन लावतो, रात्री दीड वाजता.